दाजींचा मुकादम

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्यांना दाजी म्हणायचो, म्हणून कामावरची माणसं म्हणायला लागली. मग हार्डवेअरचा दुकानदार, मग शेजारपाजार, आणि शेवटी तर जनावरांची डॉक्टरीणबाईसुद्धा. अख्ख्या गल्लीने त्यांना बहिणीचा नवरा करून टाकलं, पण त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रारींचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आणि ताईकडे होतं, आणि आम्ही ते नीट सांभाळत होतो.

उंच माणूस, शिडीवर आयुष्य गेल्यामुळे खांद्यात जरा वाकलेला. बोलणं अगदी मोजकं. "पाना दे", "शिडी धर", "चहा घेऊ" एवढ्यात त्यांचा दिवस निघायचा. ताई म्हणायची, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, लाजतायत. दोन महिन्यांनी कळलं, एवढंच होतं बोलायचं, ते संपलं."

आम्ही दोघं वायरिंगची कामं करायचो. नव्या इमारती आमच्याकडे येत नसत. आमच्या वाट्याला जुनी वाचनालयं, जुन्या कचेऱ्या, जुनी सभागृहं. तिथे फरशी उखडू देत नाहीत, भिंतीला हात लावू देत नाहीत, आणि जमिनीखालचे पाइप कुठून कुठे गेलेत हे ज्याने घातले तोच जाणे, आणि तो बाबा कधीच जग सोडून गेलेला. अशा पाइपातून नवी वायर ओढायची तर आधी एक बारीक दोरी या तोंडातून त्या तोंडापर्यंत न्यावी लागते. त्यासाठी पोलादी स्प्रिंग असते. सरळ पाइपात ती छान जाते, आणि दुसऱ्या वळणावर जी अडते ती अडते. मग दाजी मुकाट्याने ढोसत बसायचे आणि मी पाइप घालणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. असं आमचं बरं चाललं होतं.

एके दिवशी दाजी हत्यारांच्या पिशवीतून फेरेट घेऊन आले. ज्यांनी हा प्राणी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मुंगसासारखा लांबोडका, मांजराहून लहान, अंगावर मऊ लव, डोळ्यांभोवती काळपट पट्टा आणि कुठेही भोक दिसलं की आत शिरायची भयंकर हौस. एका गोदामाचा राखणदार उंदरांसाठी पाळायचा, त्याच्याकडचं एक पिल्लू होतं हे. ताईने पदर नाकाला लावला.

"अहो, हे काय आणलंत? उंदीर आहे की मांजर, ते तरी एकदा ठरवा. आणि हा वास कसला?"

"त्याचाच," दाजी म्हणाले.

पहिल्या दिवशी त्या पिल्लाने हत्यारांची पिशवी उघडून एकेक वस्तू हुंगली. पक्कड, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर, टेपची रिळं, सगळ्यांची तपासणी केली, कशालाही हातभार लावला नाही आणि पिशवीतच झोपून गेलं. मी म्हटलं, "हा तर मुकादम दिसतोय." तेच नाव पडलं.

दाजींनी त्याला काम शिकवलं. कसं ते मला विचारू नका, कारण मी तेव्हा त्यांना वेड्यात काढत होतो. जुन्या कमरपट्ट्याचं मऊ झालेलं कातडं कापून त्यांनी त्याच्यासाठी एक पट्टा शिवला, एक वेढा मानेला, एक छातीला, पाठीवर दोरी बांधायला बारीक कडी. जाड सुईने शिवताना बोटं टोचून घेतली. पट्टा तयार झाल्यावर स्वतःच्या मनगटाला बांधून दिवसभर फिरले, कुठे काचतो का बघायला.

कामाची रीत अशी होती. पाइपाच्या या तोंडाशी मी. मुकादमाच्या पाठीला दोरी बांधायची, त्याचं डोकं पाइपाकडे करायचं आणि ओरडायचं, "सोडला!" पाइपाच्या त्या तोंडाशी, कधी पलीकडच्या खोलीत, कधी खालच्या मजल्यावर, दाजी. ते बोटाच्या पेराने पाइपावर टकटक करायचे. जवळ शिजवलेल्या मांसाच्या बारीक तुकड्यांची डबी असायची, पण मला नाही वाटत तो डबीसाठी जायचा. दोरी माझ्या हातातून सरसर निघायची, मधेच थांबायची, पुन्हा निघायची. आणि मग लांबून दाजींचा आवाज यायचा, "आला!"

दिवसभरात त्यांनी मोठ्याने उच्चारलेला तेवढाच शब्द. एकदा दोरी फारच वेळ थांबली म्हणून मी पलीकडच्या खोलीत जाऊन पाहिलं, तर हा एवढा उंच माणूस जमिनीवर पालथा पडलेला, गाल पाइपाच्या तोंडाला चिकटवलेला, डोळे मिटलेले, आणि बोट चाललंय, टकटक, टकटक. मी आल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. मी तसाच मागे फिरलो आणि दोरीपाशी जाऊन बसलो. त्या दिवसापासून मी त्यांना वेड्यात काढणं बंद केलं, निदान तोंडावर.

ताई मात्र रोज काढायची. वासावरून. घरात शिरलं की पहिलं वाक्य तेच: "बाई गं, काय हा वास!" पडदे धुवायची, खिडक्या उघडायची, मुकादमाला अंघोळ घाला म्हणून दाजींच्या मागे लागायची. कुठूनतरी कळलं की जास्त अंघोळ घातली तर वास आणखी वाढतो, तेव्हा कपाळावर हात मारून बसली. तिच्या रबरी चपलांतली एक नेहमी गायब असायची. रबर म्हटलं की मुकादमाचा जीव की प्राण. टेपची रिळं, दाजींचे हातमोजे, बाटल्यांची बुचं, सगळं ओढून सोफ्याखाली एका कोपऱ्यात रचून ठेवायचा. आठवड्यातून एकदा ताई झाडू घेऊन तिथे धाड घालायची आणि तो शेजारी उभा राहून कुक-कुक करत निषेध नोंदवायचा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. फेरेट झोपतो तो मेल्यासारखा. ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. हलवा, उचला, हाक मारा, मान लुळी, पाय लुळे, श्वास दिसत नाही. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच वर्षी एका दुपारी दाजींनी त्याला उचललं आणि तो हातात चिंधीसारखा लोंबला. दाजींनी हाका मारल्या, पोट चोळलं. मग त्याला टॉवेलात गुंडाळलं, घरामागच्या अंगणात गेले आणि कुदळ हाणायला लागले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसतही नव्हते. बराच खड्डा झाला. ताई दारात तोंडाला हात लावून उभी. आणि टॉवेल हलला. मुकादमाने डोकं बाहेर काढलं, भलीमोठी जांभई दिली, खड्डा पाहिला, आणि टुणकन उडी मारून त्यात उतरून माती उकरायला लागला. मी इतका हसलो की खाली बसलो. दाजी कुदळीवर रेलून उभे राहिले आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. पुढे कित्येक दिवस मी त्यांना चिडवायचो, "दाजी, मी झोपलो तर आधी नीट तपासा हं." ते हसायचे.

अशी काही वर्षं गेली. मग एका सकाळी, एका जुन्या वाचनालयाच्या तळघरात, पट्टा बांधता बांधता दाजींचं बोट थांबलं. मानेच्या बाजूला, खांद्याच्या जरा वर, लवेखाली वाटाण्याएवढी गाठ. बरोबर पट्ट्याच्या खाली.

"पट्टा लागला," ते म्हणाले.

त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, आणि येणार तरी कसं? पट्टा त्यांनी शिवलेला, पट्टा त्यांनी बांधायचा, आणि गाठ त्याच जागी. शिडीच्या दांड्याने आमच्या खांद्याला गाठी आल्यात, पक्कड धरून तळहाताला घट्टे पडलेत. कामाने अंगावर जे उठतं ते काम थांबवलं की जिरतं, हे आम्ही उभ्या आयुष्यात पाहिलेलं. त्या दिवशी त्यांनी मुकादमाला पाइपात सोडलं नाही. घरी येऊन पट्टा उसवला, आतून मऊ लोकर लावून पुन्हा शिवला. भाजल्या-कापल्यावर लावायचं मलम त्या गाठीवर चोळलं. मग पट्टा आणखी रुंद केला. मग बांधणंच बंद केलं. गाठ मात्र वाढत होती, आणि वर हाताला टणक लागत होती.

"अहो, डॉक्टरला दाखवा ना," ताई म्हणत होती.

"जिरेल. पट्टा सोडलाय आता."

ती जिरली नाही. बोराएवढी झाली, वरची लव झडली, तेव्हा ताईनेच मुकादमासकट पिशवी उचलली आणि दोघांना घेऊन निघाली. मीही गेलो, कारण ताई रागात असली की सोबत कुणीतरी लागतं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मला त्या पहिल्या भेटीत अजिबात आवडल्या नाहीत. गाठ दोन बोटांत धरून हलवून पाहिली, गळ्याखाली चाचपलं, बारीक सुईने आतलं थोडं काढून काचेवर घेतलं. दाजी टेबलाच्या कडेला हात धरून उभे होते. त्यांनी पिशवीतून पट्टा काढून टेबलावर ठेवला.

"हा मी बांधायचो. आधी आतून लोकर नव्हती."

डॉक्टरीणबाईंनी पट्टा उचलून उलटसुलट पाहिला. "छान शिवलाय," म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. "पट्ट्याने असं होत नाही, दाजी. यांच्या कातडीत वासाच्या ग्रंथी असतात, सगळ्या अंगभर. त्यातलीच एक बिघडलीये. बहुतेक कॅन्सर आहे. ही जात वाईट असते, झपाट्याने वाढते आणि पसरते. औषधाने जाणारी नाही. कापायची, आणि भोवतालचं चांगलं दिसणारं कातडंही भरपूर कापायचं, कारण त्याची मुळं कुठवर गेलीत ते डोळ्याला दिसत नाही."

घरी येताना ताई एकदम म्हणाली, "म्हणजे ज्या वासाला मी इतकी वर्षं..." आणि थांबली. त्यानंतर वासाबद्दल तिच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नाही. खिडक्यासुद्धा बंद ठेवायला लागली, त्याला गारठा लागेल म्हणून.

दाजींना पट्ट्याचं पटलं नव्हतं. मला म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या."

"त्या बाई कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलतील असं वाटतं तुम्हाला?" मी म्हटलं. पण एकदा या माणसाने मनात काही घेतलं की तिथे स्प्रिंगसुद्धा जात नसे.

ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं, एका बाजूला पिंजऱ्यातला पोपट, दुसऱ्या बाजूला गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घातलेला कुत्रा. दाजी गुडघ्यावर बोटाच्या पेराने टकटक करत होते. आवाज होत नव्हता, पण बोट चालू होतं. मुकादम बाहेर आला तेव्हा त्याची अर्धी मान आणि खांदा भादरलेला, टाक्यांची लांब वेडीवाकडी रांग. फेरेटचं कातडं सैल असतं म्हणून ओढून शिवता आलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भुलीतून पुरता बाहेर आला नव्हता. दाजींनी त्याला हातात घेतलं आणि त्याच्या छातीला कान लावून उभे राहिले.

काढलेला भाग तपासायला गेला होता. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. "तीन बाजूंच्या कडा स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "खालची, मोठ्या शिरेच्या बाजूची, नाही. तिथे थोडं राहिलंय. मी तिथे घाबरत कापलं, खरं सांगते. पुन्हा उघडायला हवं, लगेच, आणि या वेळी स्नायूपर्यंत. मग दुसऱ्या शहरात मोठं हॉस्पिटल आहे, तिथे किरणांचं यंत्र आहे. कुत्र्यांना देतात, फेरेटला क्वचितच. पण तोच रस्ता आहे. टेबलावर दगावण्याचा धोका आहे, तोही सांगते."

"आणि नाही केलं तर?" ताईने विचारलं.

"तर येईल परत. कधी ते माहीत नाही."

घरी आलो तर मुकादम उड्या मारत होता. ज्याने फेरेटला आनंदात पाहिलं नाही त्याला हे कळायचं नाही. पाठीची कमान करून, तोंड उघडं ठेवून, वाकड्या चालीने मागे मागे उड्या मारत खोलीभर धिंगाणा, सोफ्यावर आपटतो, खुर्चीवर आपटतो, कुक-कुक चालूच. टाके अजून ओले आणि याने ताईची चप्पल पळवली. दाजी भिंतीला टेकून बघत होते.

"नाही उघडायचं," ते म्हणाले.

आता इथे मला त्यांचा एक नियम सांगितला पाहिजे. दिवा लागला की वायरींच्या जोडाचा डबा बंद करायचा आणि पुन्हा उघडायचा नाही. जुन्या वायरीचं आवरण ठिसूळ झालेलं असतं. एकदा करंट चालू झाला आणि जोड जरा व्यवस्थित करू म्हणून कुणी परत डबा उघडला की वायर हातात तुटते, आणि मग सबंध मजला अंधारात. दाजींनी तरुणपणी एकदा असं केलं होतं आणि त्यांच्या वस्तादाने सगळ्यांसमोर त्यांची सालटी काढली होती. तेव्हापासून हा नियम त्यांनी कधी मोडला नाही, आणि त्या नियमामुळे आमचं काम कधी बिघडलंही नाही. चालू आहे ना? मग हात लावायचा नाही. सगळं आयुष्य जो नियम बरोबर ठरला तो त्या दिवशी चुकीचा कसा ठरेल, हे त्यांना समजत नव्हतं.

ताई भांडली. इतकी भांडली की मलाच दाजींची बाजू घ्यावीशी वाटली. "अहो, ती बाई शिकलेली आहे, रोज कापते, तिला कळतं! तुमच्या वायरी नाहीत या!" दाजी ऐकत होते. मुकादम त्यांच्या पायाशी चप्पल चावत होता. ताई शेवटी रडत आत गेली आणि दाजी त्याला म्हणाले, "बघ, तुझ्यामुळे." आवाजात नुसतं सुख होतं.

पुढचे महिने चांगले गेले, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. मुकादमाला काम बंद. आम्ही पुन्हा स्प्रिंगवर आलो आणि मी पुन्हा शिव्यांवर. तो मात्र रोज यायचा, पिशवीतून डोकं काढून आमच्याकडे बघत बसायचा, आता खराखुरा मुकादम. पट्टा दाजींनी कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. नुसता टाकला नाही, आधी कात्रीने कडी कापून काढली आणि मग टाकला. आठवडाभराने ताईने सोफ्याखाली झाडू घातला, तर रिळं, बुचं, चप्पल, आणि सगळ्यांच्या मधोमध तो पट्टा. मुकादमाने डब्यातून काढून नेला होता.

"बघा," ताई पट्टा दाजींसमोर धरून म्हणाली, "ज्याने लागलं ते कुणी असं जपून ठेवतं का?"

दाजींनी पट्टा हातात घेतला, लोकरीवरून अंगठा फिरवला. "त्याला काय कळतंय," म्हणाले, आणि वाकून परत सोफ्याखाली ठेवून दिला.

गाठ परत आली ती टाक्यांच्या खालच्या टोकाला. या वेळी दाजी स्वतःहून त्याच दिवशी दवाखान्यात गेले. मला फोन केला तो तिथूनच. मी पोचलो तेव्हा काचेमागच्या दिव्यावर छातीचा एक्स-रे लावलेला होता. मला त्यातलं काही कळत नाही, पण डॉक्टरीणबाईंचं बोट जिथे जिथे टेकत होतं तिथे पांढरे ठिपके होते. गळ्याखालीही आता एक गाठ सुजून आली होती.

"आता कापून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "त्याला फक्त दुखेल. केमोथेरपी देऊन पाहता येईल, पण या गाठीवर ती चालते असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. एवढ्या लहान जिवाला त्रास होईल एवढं नक्की. मी दुखणं थांबवायची औषधं देते. सूज उतरायचं देते. मऊ खायला घाला. आणि आता पुरे, असं जेव्हा तो तुम्हाला सांगेल तेव्हा या."

दाजींनी विचारलं, "तेव्हाच उघडलं असतं तर?"

मला वाटलं, आता तरी ही बाई खोटं बोलेल. बोलावं असं मला फार वाटत होतं.

"कदाचित जास्त जगला असता," त्या म्हणाल्या. "कदाचित टेबलावरच गेला असता. मला माहीत नाही, दाजी. कुणालाच माहीत नाही."

मी त्या बाईंवर इतका चिडलो की बाहेर येऊन दाराला लाथ घातली. दाजी मात्र मागून आले आणि म्हणाले, "बरं झालं. खोटं नाही बोलल्या. म्हणजे पट्ट्याचंही खरंच असेल त्यांचं." तेवढंच काय ते मिळालं त्यांना. एक ओझं उतरलं आणि त्याच जागी दुसरं येऊन बसलं.

मग घराचा दवाखाना झाला. जखम फुटली होती. दाजी सकाळ-संध्याकाळ ती कोमट पाण्याने पुसायचे, पट्टी बदलायचे. वायरीचं टोक सोलताना आतली तार दुखावू नये म्हणून जसा हात हलका धरतात तसा धरायचे. ताई मांस शिजवून अगदी गंधासारखं वाटायची आणि बोटाला लावून त्याच्या तोंडाशी धरायची. ती, जिने कधी त्याला हात लावला नव्हता. "खा रे राजा, एवढं खा. माझी चप्पल नेतोस ना? ने, दोन्ही ने." तिने खरोखरच दोन्ही चपला त्याच्या अंथरुणाशी ठेवल्या होत्या. त्याने एकीवर डोकं ठेवलं होतं.

दाजी कामाला येईनासे झाले. एका संध्याकाळी मी गेलो तर ते खोलीच्या एका टोकाला जमिनीवर बसलेले आणि मुकादम दुसऱ्या टोकाला अंथरुणात.

"इतक्या लांब का बसलात?" मी विचारलं.

"जवळ बसलो की उठून अंगावर यायला बघतो. दुखतं त्याला." मग म्हणाले, "सकाळी चुकून फरशीवर बोट वाजलं. माझं लक्ष नव्हतं रे. आला उठून. एवढ्या लांबून ओढत ओढत आला. मधे पडला, परत उठला. इथे येऊन माझ्या हातावर डोकं ठेवलं." त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला होता. "मी कधीही वाजवलं तरी तो येणार. मरायला टेकला तरी येणार. थांबवणं आता माझ्याच हातात आहे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने ऐकलं होतं.

"उद्या दवाखान्यात जाऊ," दाजी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या बाकीच्यांना बाहेर थांबवलं. आधी झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं. दाजींनी त्याला छातीशी धरलं होतं, ताईने एक बोट त्याच्या पंजात दिलं होतं. झोप लागताना त्याने एकदा जांभई दिली, तीच, भलीमोठी. मग मान लुळी पडली, पाय लुळे पडले. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं, "गेला," म्हणाल्या आणि वळून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मला त्या बाई आवडतात.

घरामागे, जिथे तो पहिला खड्डा झाला होता, तिथेच मी खणलं. दाजींना कुदळ दिली नाही. ताईने पट्टा आणून टॉवेलात त्याच्याजवळ ठेवला. दाजी बघत होते, नको म्हणाले नाहीत.

खड्डा तयार झाला. मी हात पुढे केले. दाजी टॉवेल धरून उभेच.

"जरा थांबू," ते म्हणाले.

मला कळलं. ताईलाही कळलं. त्यांना ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरीणबाईंनी ऐकून सांगितलं होतं. पण मागच्या वेळी आम्ही असेच याच जागी उभे होतो आणि मी हसून हसून खाली बसलो होतो. ताई, जी जन्मभर "आटपा, आटपा" करत आली, ती पायरीवर जाऊन बसली आणि हात मांडीवर ठेवून थांबली. मी कुदळीवर रेललो. दाजी टॉवेलाकडे बघत होते. उन्हं भिंतीवरून चढत कौलांपर्यंत गेली. टॉवेल हलला नाही.

शेवटी दाजींनी तो माझ्याकडे दिला आणि खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "तू ठेव," म्हणाले. "हे तुझंच काम."

मी गुडघ्यावर बसलो, दोन्ही हातांनी त्याला खाली ठेवलं, टॉवेलाची कड नीट केली. आणि हात काढून घेताना, इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "सोडला."

दाजी पलीकडे उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग मी माती लोटायला लागलो.